अ‍ॅल्युमिनियमची मूठ आणि अर्धवट डिप्लोमा

नमस्कार,

मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तो सोडून ऑर्डरप्रमाणे चाकू बनवायचं म्हणतोय, ही तुमची काळजी. त्यातच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचं केलेलं पहिलं पातं पुठ्ठ्याचे चार काप काढताच बोथट झालं, म्हणून तो खट्टू झालाय.

आधी पात्याचं बोलू. धार टिकायला कडक धातू लागतो. पोलाद तापवून, पाणी देऊन, मग मंद आचेवर उतरवलं की चांगल्या पात्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण 58 ते 62 भरतो. 7075-टी6 हा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंतला चांगला दणकट, पण तोही याच्या आसपास फिरकत नाही. त्यामुळे मुलाच्या हाताला दोष देऊ नका.

मूठ मात्र याच धातूची खुलते. वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, मिलिंगला (फिरत्या कटरनं कापून आकार द्यायला) सोपा, अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या मदतीनं पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर चढवणं) केलं की रंग छान धरतो. शिकायला 6061-टी6 हा मिश्रधातू घ्यावा. खरी परीक्षा पुढे असते. अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडलेले आटे स्क्रू चार वेळा काढला-घातला की झिजतात, म्हणून जाणते कारागीर तिथे पोलादी बुश (आतून आटे असलेली छोटी नळी) बसवतात. फोल्डिंग चाकूत तर अ‍ॅनोडायझिंगचा थरही हिशेबात धरावा लागतो. थर 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर त्यातला साधारण निम्मा बाहेरच्या बाजूला वाढतो, म्हणजे पिव्हटच्या (पातं ज्यावर फिरतं त्या खिळीच्या) भोकाचा व्यास जवळजवळ 50 मायक्रॉननं आवळतो. भोक आधीच तेवढं मोठं ठेवलं नाही, तर पिव्हट आत शिरतच नाही.

मिलिंग, मायक्रोमीटर, टॉलरन्स (मापात चालणारा फरक)... हा सगळा त्याच्या डिप्लोमाचाच अभ्यास आहे! म्हणून माझं स्पष्ट मत: डिप्लोमा पुरा होऊ द्या, चाकूही चालू राहू द्या. सुरुवातीला ऑर्डरींचा भरवसा नसतो; हातात मशीनिंग असेल तर टूलरूमची नोकरी करून संध्याकाळी मुठी घडवता येतात.

तो दोन्ही धातू एकाच ग्राइंडरवर घासतो, हे वाचून मात्र मी दचकले. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, हवेत उडाली तर स्फोटही होतो, आणि पोलाद घासताना ठिणग्या उडतात. आजच ते थांबवा. अ‍ॅल्युमिनियम त्यानं वेगळ्या जागी, शक्यतो कानशीनं आणि ओल्या पॉलिश पेपरनं घासावा, तोंडाला मास्क लावून.

त्या पट्टीचा उरलेला तुकडा टाकू देऊ नका. पाणी दिलेलं तयार पोलादी पातं आणून द्या आणि त्याच तुकड्यातून मुठीच्या दोन फळ्या काढायला सांगा. पातं आणि फळी यांच्यात कागद सरकेल एवढीही फट राहिली नाही, की पहिल्या ऑर्डरचा निर्णय त्याच्यावर सोपवा.