अमेरिकेत पोलिसांवर दावा: मुदत कधी संपते

निखिल, मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला येतोयस, आईबाबाही काही महिने सोबत असणार, आणि तू विचारलंस की पोलिसाने विनाकारण हात टाकला तर एच-वन-बीवाल्याला (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला) कोर्टात जाता येतं का, आणि किती दिवसांत.

जाता येतं. 'कलम 1983' म्हणतात तो फेडरल, म्हणजे देशभराचा, कायदा पोलिसांसारख्या सरकारी माणसाने हक्क तुडवले तर दावा लावू देतो, आणि तो फक्त नागरिकांसाठी नाही. 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसनला नातवासाठी आलेल्या गुजराती आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटलं. त्यांचा दावा आठवड्याभरात दाखल झाला.

गोम अशी की या कायद्यात मुदतच लिहिलेली नाही. घटना ज्या राज्यात घडली, तिथली शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत लावतात. न्यू जर्सीत 2 वर्षं, नदीपलीकडे न्यूयॉर्कात 3, टेनेसीत जेमतेम 1. तू राहतोस कुठे ते सोड, गाडी कुठे अडवली ते बघायचं. मारहाण असेल तर मोजणी त्याच दिवसापासून. खोटी अटक असेल तर न्यायाधीशापुढे उभं केल्यापासून.

पण माणसं फसतात ती 90 दिवसांत. राज्याच्या कायद्याखाली गावाकडून (म्हणजे ज्याचे पोलीस त्या पालिकेकडून) भरपाई हवी असेल तर तेवढ्यात लेखी नोटीस द्यावी लागते. न्यूयॉर्कातही 90च. फेडरल दाव्याला ही अट नाही, पण वकील सहसा दोन्ही दावे एकत्रच टाकतात.

आमच्या ओळखीतल्या एकाच्या मनगटावर बेड्यांचे वळ उठले होते. त्याने पोलिसांच्याच अंतर्गत चौकशी विभागाकडे तक्रार दिली आणि उत्तराची वाट बघत बसला. (आपली सवय. आधी साहेबांना सांगून बघू.) वकीलबाईंनी पहिल्यांदा तारीख विचारली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने दिवस मोजले. 127. फेडरल दावा शाबूत होता, पण गावाविरुद्ध जायला आता कोर्टाची खास परवानगी हवी, तीही असाधारण कारण दाखवून. 'तक्रार दिली होती की' हे कारण चाललं नाही. तक्रारीने मुदत थांबत नाही.

पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज इथे किमान 180 दिवस ठेवतात. ते पुसू नका असं पत्र पहिल्याच आठवड्यात गेलेलं बरं. वळांचे फोटो त्याच रात्री काढायचे, तारखेसकट. आणि आईबाबांच्या बाबतीत काही झालंच, तर ते पुण्याला परतले म्हणून दिवस मोजायचे थांबत नाहीत. विमानात बसायच्या आधी त्यांची वकिलाशी गाठ घालून दे.