फिलिपिन्समध्ये पाण्यात पाय सोडून जेवायचं ते धबधब्याचं रेस्टॉरंट पूर्वी पाहिलं होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा जाण्यात अर्थ आहे का? घरचे शाकाहारी आहेत.

जा की. "अर्थ आहे का" हे वाचलं आणि आमच्या एका सरांचा आवाजच कानात आला, म्हणून लिहायला बसले.

मी लॉस बान्योसला इरीमध्ये, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, पोस्टडॉक होते. तिथून सान पाब्लोमार्गे व्हिला एस्कुदेरो, म्हणजे तुमचं ते रेस्टॉरंट ज्या मळ्यात आहे तो, फार लांब नाही. भारतातून कुणी आलं की त्यांना तिथे न्यायचं हे ठरलेलंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक ज्येष्ठ मराठी शास्त्रज्ञ आमच्याबरोबर होते. घोट्याएवढ्या पाण्यात बांबूची टेबलं, बाजूला धो धो पाणी, ताटात भात आणि भाजलेला मासा. आजूबाजूचे सगळे हाताने जेवताहेत. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, काटा-चमचा मागवला आणि जाहीर केलं, "हा धबधबा नाहीच, धरणाचा सांडवा आहे. आणि ही माणसं घरी चमच्याने जेवतात, इथे हाताने जेवायचं नाटक करतात. पर्यटकांना मामा बनवायचे धंदे!" सगळं टेबल गप्प. मीसुद्धा, कारण सोमवारी त्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं.

तर सर, आता ऐका. सांडवा आहे, कबूल. तो मळा एस्कुदेरो कुटुंबाचा, १८८० च्या दशकातला. आधी ऊस होता, मग नारळ लावले. पुढे त्यांनी विजेसाठी लाबासिनचं धरण बांधलं, आणि पर्यटकांना मळा खुला झाला तो १९८१ मध्ये. म्हणजे ते पाणी तुमच्या फोटोसाठी आणलेलं नाही. आणि भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाण्यात बसून कांदाभजी खाणाऱ्या पुणेकराने दुसऱ्याच्या सांडव्याला नावं ठेवावीत?

हाताने जेवायचं म्हणाल, तर फिलिपिनो माणूस चारचौघांत उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरतो हे खरं. पण माझ्या घरमालकीणबाई, आम्ही त्यांना आते, म्हणजे तिकडच्या भाषेत ताई, म्हणायचो, सकाळी तुयो म्हणजे सुका मासा आणि लसणाचा परतलेला भात घेऊन बसल्या की चमच्याला हात लावायच्या नाहीत. सुक्या माशाचे काटे चमच्याने काढून दाखवा! सर क्वार्टरमध्ये राहायचे, त्यांना कुणाचं स्वयंपाकघर कधी दिसलंच नाही. नाटक बघायचं असेल तर मनिलाच्या मॉलमध्ये एसीत झोपडी उभारून सिनिगांग, म्हणजे तिकडचं आंबट सार, वाढतात, तिथे जा.

आता परत गेले ती मुलाला आणि सासूबाईंना घेऊन. सासूबाई पक्क्या शाकाहारी. पाण्यात उतरायला आधी तयार नव्हत्या. मग साडी खोचून अशा बसल्या की उठायचं नाव नाही. भात, केळी, अननस घेतलं आणि पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. शेजारच्या टेबलावरच्या आजी बराच वेळ टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांनी चिमूटभर मागून भातावर घेतलं आणि वर कालामान्सी पिळली. सासूबाईंना लिंबू पटलं नाही, तरी आग्रहाने आणखी वाढलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण गप्पा अर्धा तास चालल्या.

बदललंय काय, तर गर्दी. पाण्याला पाठ करून फोटो काढायला रांग लागते आणि फोन उंच धरलेली माणसं ताटावर शिंतोडे उडवत फिरतात. रेडेगाडी आहे, तिच्यात गिटार घेऊन गाणारी मंडळी आहेत. जेवण तेव्हाही यथातथाच होतं, आत्ताही आहे, चिकन कोरडं. चवीसाठी कुणी तिथे जाऊच नये. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेलं लाइंग खायचं असेल तर एखाद्या साध्या खाणावळीत जा, आणि परतताना लॉस बान्योसला थांबून बुको पाय (इंग्रजीतला pie) घ्या. सरांना तोही गोड वाटायचा. शहाळ्याची मलई घातलेला पाय काय तिखट करायचा?

हो, काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. जमीन शेवाळलेली असते, वयस्कर माणसांचा हात धरा. पावसाळ्यात पाणी वाढतं, तेव्हा जेवण तिथेच देणार का हे आधी फोन करून विचारा. शनिवार-रविवारी नाचगाण्याचा कार्यक्रम असतो, पण गर्दीही तेव्हाच. मला विचाराल तर मधला वार बरा.

आणि शाकाहारी मंडळींचं म्हणाल, तर "मीट नको" एवढ्यावर भागत नाही. चिकन आणि मासे बरेच जण त्यात धरत नाहीत. पिनाकबेतसारख्या निव्वळ भाजीतही बागोओंग, म्हणजे खारवून आंबवलेली कोळंबी, असते. तीही नको म्हणून वेगळं सांगा, आणि लाइंग मागवताना आत डुकराचे तुकडे घातलेत का ते विचारा. बऱ्याचदा घातलेले असतात.