स्क्रीनमध्ये खाडी दिसते, एक्सेल दिसत नाही

प्रश्न: नेरूळला भाड्याने राहते, हॉलची खिडकी पश्चिमेला, खाडीकडे. घरून काम असतं. नवीन लॅपटॉपची ग्लॉसी स्क्रीन दुकानात एकदम भारी वाटली होती पण घरी दुपारी तीननंतर त्यात एक्सेलपेक्षा मीच जास्त दिसते. ब्राइटनेस फुल, डार्क मोड, सगळं करून झालं. पडदे लावले तर सासूबाई म्हणतात दिवसाढवळ्या लाइट कशाला जाळता. मॅट स्क्रीनगार्ड घेऊ का?

उत्तर: घ्या ताई, पण सगळ्यात शेवटी. आधी लॅपटॉप बंद करून दुपारी नेहमीच्या खुर्चीत बसा आणि त्या काळ्या स्क्रीनमध्ये काय काय दिसतंय ते बघा. खिडकी असेल, छताजवळची ट्यूब असेल, पांढरा कुर्ता असेल तर तोही. जे दिसतंय तेवढंच हटवायचं.

ब्राइटनेस वाढवून हे का सुटत नाही, तर साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परत येतो (कोटिंग असेल तर कमी). खिडकीतलं आभाळ ५००० निट (निट म्हणजे ब्राइटनेस मोजायचं एकक) धरलं तर २०० निट तुमच्या डोळ्यात, आणि साध्या लॅपटॉपची स्क्रीन फुल ब्राइटनेसला असते २५०-३०० निट, म्हणजे जिथे काळं दिसायला हवं तिथेही करडा थर बसणारच. डार्क मोडमध्ये तर अख्खी स्क्रीनच काळी, प्रतिबिंबाला मोकळं रान! दुपारी लाइट मोडच ठेवा, रात्री काय हवं ते करा.

आता टेबल फिरवा. खिडकी पाठीशी नको, आणि तोंडासमोरही नको, कारण प्रतिबिंब गेलं तरी लख्ख आभाळापुढे स्क्रीन मंद वाटते आणि डोळे थकतात. बाजूला हवी, डावी-उजवी कुठलीही, म्हणजे तुमच्या घरात तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. मग पडदाही अख्खा ओढायला नको, ऊन थेट येतंय तेवढाच पट्टा झाकला की पुरे, सासूबाई पण खूश. फक्त पांढरा झिरझिरीत पडदा नको, ऊन पडलं की तो स्वतःच चमकतो. आणि झाकण फार मागे कललं की छतावरची ट्यूब त्यात उतरते, लॅपटॉप स्टँडवर चढवून झाकण जरा सरळ करा (कीबोर्ड मात्र वेगळा लागेल).

एवढं करूनही त्रास राहिला तर गार्ड. तो प्रकाश गिळत नाही, पसरवतो, त्यामुळे खिडकीची कड जाते पण हलका पांढुरका थर राहतो आणि बारीक अक्षरं थोडी रवाळ दिसतात. एक्सेलला चालेल, फोटोचं काम असेल तर वैताग येईल. घेताना नुसतं १४ इंच सांगू नका, स्क्रीनचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ आहे की १६:१० तेही बघा, नाहीतर कडेला पट्टी उघडी राहते. जाड गार्ड लावून झाकण दाबून बंद करायचं नाही.

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात माझी खिडकी दक्षिणेला आहे. जूनमध्ये काहीच त्रास नव्हता, डिसेंबरात स्क्रीन बघवत नाही. लॅपटॉप खराब झालाय का? डेस्क फिक्स आहे, हलवता येत नाही.

उत्तर: लॅपटॉप ठणठणीत आहे, सूर्य सरकलाय. ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, वर पावसाळी ढग. डिसेंबरात तोच दक्षिणेला, दुपारी सुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर, त्यामुळे ऊन पार आत येतं. डेस्क नाही तर नाही, नुसता लॅपटॉप वळवा. स्क्रीन १५ अंश वळवली की प्रतिबिंबाची दिशा ३० अंशांनी बदलते, तेवढ्यात बऱ्याचदा खिडकी स्क्रीनबाहेर जाते. खुर्ची पण तेवढीच वळवा, नाहीतर मान धरेल.