चौदा वर्षांच्या मुलीला डाएटवर ठेवावे का?

मुलीचे वय १४, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ५४ किलो. वर्षभरात सहा किलो वाढले, ती सकाळी न खाता शाळेत जाते, खेळणे सोडले आहे आणि आता रात्रीचे जेवणही बंद करते म्हणते, असे आपण लिहिले आहे. तिला डाएटवर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आकड्यांवरून तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २१.६ येतो. या वयात मोठ्यांचे निकष लावत नाहीत, वयानुसार तक्ता पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चौदाव्या वर्षी मुलींच्या अतिवजनाची रेषा २२.७ च्या आसपास आहे. म्हणजे ती अजून रेषेच्या अलीकडे आहे, आणि वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणे हा वाढीचाच भाग असतो. तरीही जुन्या नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांना एकदा भेटा, कारण एका आकड्यापेक्षा वाढीची दिशा अधिक सांगून जाते.

खरी अडचण उपाशी राहण्यात आहे. सकाळी पोट रिकामे, दुपारी डबा अर्धा परत, आणि संध्याकाळी दप्तर खांद्यावरून उतरण्याआधीच बिस्किटांचा पुडा फोडलेला, हा क्रम बहुतेक घरांत दिसतो. त्यावर रात्रीचे जेवणही गेले, तर पाळी सुरू झालेल्या मुलीला लागणारे लोह आणि वाढत्या हाडांना लागणारे कॅल्शियम यायचे कुठून? सकाळी थोडे का होईना, पण प्रथिने असलेले काही तिच्या पोटात जाऊ द्या; संध्याकाळची झुंबड आपोआप कमी होते.

खेळ सोडला म्हणून तिला आळशी ठरवू नका. या वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल हवी, पण २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वर्षांच्या सुमारे ८५ टक्के मुली तेवढी करत नव्हत्या. डाग पडण्याची धास्ती, धावताना छातीला होणारा त्रास, मैदानावरचे शेरे, यांतले नेमके काय आहे, ते तिला एकांतात विचारा. नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा कधीकधी तासभराच्या उपदेशापेक्षा जास्त काम करते. मैदान नकोच असेल, तर नाच किंवा दोरीउड्याही चालतील.

घरात कोणाच्याही वजनावर, आपल्या स्वतःच्याही, शेरेबाजी नको. पाळी तीन महिने चुकली, जेवणानंतर ती लगेच न्हाणीघरात जाऊ लागली किंवा चौघांत जेवणे टाळू लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.