पुस्तकांची लोखंडी रॅक भंगारात काढावीत का?

प्रश्न : आम्ही नवरा-बायकोनं वाचनालयाची शंभरेक वर्षं जुनी इमारत घेतली आहे. पुढे उंच छताचा वाचनकक्ष. मागे पुस्तकांची लोखंडी रॅक, एकावर एक तीन मजली, मधे चालायला लोखंडी जाळीच्या वाटा. मागे राहायचं आणि पुढे माझं अकाउंट्सचं ऑफिस थाटायचं, असा बेत आहे. कंत्राटदार म्हणतो, रॅक कापून भंगारात देऊ. खिडक्याही फार उंचावर आहेत, त्या खाली आणता येतील का?

उत्तर : आधी तो गॅस कटर इमारतीबाहेर काढा, मग बोलू.

अशी रॅक म्हणजे नुसती कपाटं नसतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या १९११च्या इमारतीत मुख्य वाचनकक्षाची जमीनच खालच्या सात थरांच्या पोलादी रॅकनी तोलून धरली आहे. तुमच्याकडे काय आहे ते टॉर्च घेऊन वर चढून बघा. खांबाचं डोकं तुळईला रिव्हेटनं किंवा बोल्टनं जोडलेलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी सांगेपर्यंत एकाही खांबाला हात लावू नका. डोकं मोकळं असून वर बोटभर फट दिसली, तर रॅक बहुधा स्वतःपुरतीच उभी आहेत. तरीही इंजिनिअर हवाच. उंच भिंतींना त्यांचा आडवा टेकू असू शकतो.

‘ग्रंथालयाची जमीन दणकट, काहीही बांधा’ असं कुणी सांगेल. पुस्तकांच्या खोलीची जमीन चौरस मीटरला ६०० किलो किंवा त्याहून जास्त भार धरून आखतात आणि घराला २०० पुरतात, हे खरं. पण रॅकमध्ये पुस्तकांचं वजन फळ्यांतून थेट खांबांत उतरतं. जाळीची वाट फक्त माणसांपुरती असते. तिच्यावर विटांची भिंत किंवा बाथरूम नको. ओलं काम सगळं तळमजल्यावर.

खिडक्या उंच, कारण खाली भिंतीभर कपाटं मावावीत आणि उजेड वरून आत खोलवर यावा. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात २,५०९ वाचनालयं उभी राहिली, त्यांतल्या पुष्कळांत हीच रचना आहे. भिंत फोडून खिडकी खाली आणलीत, तर दर्शनी बाजूचा तोल गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा एका कोपऱ्यात लाकडी चौथरा उचला; बसल्या जागी बाहेरचं दिसेल. चौथरा पुढेमागे काढताही येतो, भिंत परत जुळत नाही.

वाचनकक्ष आता घुमेल. पुस्तकं आवाज शोषतात, ती गेली. तुमच्या क्लायंटचं उत्पन्न मागच्या स्वयंपाकघरात ऐकू जायला नको असेल, तर मधल्या भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत फायलींची कपाटं लावा. अकाउंटंटला फायलींचा काय तोटा!

वापर बदलण्याची परवानगी आणि इमारत वारसा यादीत आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी तपासा. घर आणि ऑफिसचे दरवाजे वेगळे ठेवा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत कोंडते आणि लोणा फुटतो. कंत्राटदाराला काम हवंच असेल, तर छपराची पन्हळं साफ करायला लावा. बरीचशी ओल तिथूनच उतरत असते.