वाचक विचारतात : जुना टीव्ही गेम

प्रश्न : माळ्यावरून जुना कार्ट्रिजचा टीव्ही गेम काढला. एलईडी टीव्हीवर चित्र फुटतं आणि बंदुकीने बदक पडतच नाही. कन्सोल बिघडलाय का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा नाही. मुंबईच्या दमट हवेत कार्ट्रिजच्या पिनांवर हिरवट थर चढतो, त्यामुळे चित्र फुटतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून पिना पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने गंज वाढतो. अॅडॉप्टर नवा घेणार असाल तर व्होल्टसोबत प्लस-मायनसची खूणही जुन्याशी जुळवा. उलट जोडलात तर आतला भाग जळू शकतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना अॅडॉप्टर सोबत न्याच.

बंदूक मात्र एलईडीवर चालणार नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हा हिशोब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलाय. एलईडी चित्र उशिरा दाखवतो. ‘डक हंट’साठी ट्यूबचा टीव्हीच हवा.

बटण दाबल्यावर उडी उशिरा लागत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ लावा. मग १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळा, तो आजही अस्सल वाटतो. ‘कॉन्ट्रा’ दोघांनी खेळण्यातच खरी मजा. ‘९९९९ इन १’ कार्ट्रिजवर पैसे घालू नका, तेच मोजके गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात.