घरून जीमॅट, मग जर्मनी, आणि लेकीची शाळा

अगं, तू मला ताई म्हटलंस म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते. तुझा प्रश्न असा: राहायला नेरूळ, नोकरी महापेला, लेक यंदा पहिलीत. जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा, घरून द्यावी की केंद्रावर जाऊन, नोकरी सांभाळून तयारी कशी करावी, आणि मग नवरा-मुलीसकट जर्मनीला एमबीएला येणं कितपत जमतं. वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना, म्हणून हे लांबण. फी किती, नोंदणी कशी, किती वेळा देता येते, हे सगळं परीक्षेच्या संकेतस्थळावर आहे. ते मी सांगत बसत नाही.

मी ठाण्याची. माहेर नौपाड्यात, सासर कळव्याला. परीक्षा दिली २०२० मध्ये दिवाळीनंतर. टाळेबंदीमुळे त्याच वर्षी एप्रिलपासून ती घरून द्यायची सोय झाली होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून आम्ही म्युनिकला आहोत.

आधी घरून की केंद्रावर. तुझ्या घरात दार बंद होणारी एक खोली असेल आणि बाहेरचा आवाज आवरायला एक खमकं माणूस असेल, तर घरून दे. परीक्षा चालू असताना खोलीत दुसरं कुणी आलं तर परीक्षा तिथेच थांबू शकते, आणि परीक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस कॅमेऱ्यातून सतत पाहत असतो. मी त्यासाठी माहेरी गेले, मुलाला सासूबाईंकडे ठेवलं. वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम चाललं होतं. आई आदल्या संध्याकाळी वर जाऊन त्यांना दुपारपर्यंत ड्रिल बंद ठेवायला सांगून आली. परीक्षेच्या वेळी ती जिन्यात खुर्ची टाकून बसली. दूधवाला, कुरिअर, कचरा नेणारे, कुणालाही तिने बेलपर्यंत पोचू दिलं नाही. वेळ जवळजवळ चोवीस तासांतली कुठलीही मिळते, तेव्हा सोसायटी जागी व्हायच्या आधीची पहाट घे. आदल्या दिवशी महावितरणचा वीज बंद ठेवण्याचा मेसेज आलाय का ते बघ. राउटरला छोटा यूपीएस लाव, लॅपटॉप चार्ज असला तरी राउटर गेला की सगळंच गेलं. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नकोस. कंपनीचं फायरवॉल आणि व्हीपीएन त्या परीक्षेच्या सॉफ्टवेअरला आडवं येतं, आणि ते तुला ऐनवेळी कळेल.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. आपण लहानपणापासून मोठ्याने वाचून, ओठ हलवून अभ्यास केलेला असतो. मी मराठी माध्यमातली, पाढे आणि श्लोक तसेच पाठ केलेले. इंग्रजी उतारा अवघड आला की ओठ आपोआप हलतात. घरच्या परीक्षेत ते चालत नाही, ताकीद मिळते. निदान महिनाभर आधीपासून तोंड मिटून वाचायची सवय कर.

कच्च्या कामासाठी पांढरा बोर्ड घेता येतो, जास्तीत जास्त १२ बाय २० इंचांचा, दोन मार्कर आणि एक पुसणं. तो आजच घे आणि तयारीच्या पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच गणितं सोडव. मार्करने अक्षर जाड येतं, बोर्ड भराभर भरतो, पुसण्यात वेळ जातो. वहीवर तयारी करून थेट बोर्डवर बसणाऱ्यांची तारांबळ मी पाहिली आहे.

आता तयारी. मी दिलेली परीक्षा आणि तुझी परीक्षा यांत बराच फरक आहे. नवं रूप २०२३ च्या नोव्हेंबरात आलं, जुनं २०२४ च्या जानेवारीअखेर बंद झालं. आता निबंध नाही, वाक्यदुरुस्ती नाही, भूमितीही नाही. तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं: गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३, डेटा इनसाइट्सचे, म्हणजे आकडे आणि तक्त्यांच्या भागाचे, २०. गुण २०५ ते ८०५ मध्ये, आणि तिन्ही भागांचं वजन सारखं. माझ्या वेळी एकूण गुण गणित आणि भाषेवरच ठरायचे, आकडे आणि तक्त्यांचा भाग बाजूला राहायचा. म्हणून माझ्या काळातल्या लोकांचा सल्ला त्या भागाबद्दल ऐकू नकोस, माझाही नको.

गणित आपल्याला येतं, या भरवशावर आपल्याकडचे बरेच जण राहतात. बारावीपर्यंतचं गणित पक्कं असेल तर अवघड एकही सूत्र नाही. पण गणिताच्या भागात कॅल्क्युलेटर मिळत नाही (तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर असतो), आणि एका प्रश्नाला दोन मिनिटांच्या थोडं वर एवढाच वेळ. डेटा सफिशिअन्सीचा प्रकार, जो आता डेटा इनसाइट्समध्ये गेलाय, तो तर आपल्या वळणाच्या अगदी उलटा. तिथे उत्तर काढायचं नसतं, दिलेल्या माहितीवरून उत्तर निघेल की नाही एवढंच सांगायचं असतं. मला उत्तर काढल्याशिवाय थांबवतच नसे. ती खोड मोडायलाच माझे सगळ्यात जास्त दिवस गेले.

भाषेच्या भागात क्रिटिकल रीझनिंगचं घाबरू नकोस. तिथे इंग्रजीपेक्षा युक्तिवाद कळायला लागतो. मी रोज सकाळी लोकसत्तेचा अग्रलेख घेऊन बसायचे आणि लेखकाने न बोलता काय गृहीत धरलंय ते एका ओळीत लिहायचे. काय कळलं तर विधान कोसळेल, तेही लिहायचे. मराठीत केलेला हा सराव इंग्रजीत जसाच्या तसा कामी आला. अधिकृत सराव परीक्षांपैकी दोन फुकट आहेत. त्या सुरुवातीला संपवू नकोस. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी दे.

आणि ऐक, नव्या मापात ६४५ म्हणजे जुन्या ७०० च्या आसपास. तेवढे आले की थांब. आणखी वीस-तीस गुणांसाठी पुन्हा दोन महिने घालशील, ते महिने जर्मनला दे. तुझ्या जर्मनलाच नाही, लेकीच्या जर्मनलाही. का, ते पुढे सांगते.

मधे कागदपत्रांचं. परीक्षेच्या नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षर न् अक्षर. आपल्या नावांचा इथे फार घोळ होतो. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मी, मग वडील, शेवटी आई. पासपोर्टवर मी आणि वडील, आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव मधे. ही तिन्ही माणसं मीच आहे, हे इथल्या एका कार्यालयातल्या बाईंना पटवताना मला रडू आलं होतं. तुझे सगळे कागद आज टेबलावर मांड आणि नावं जुळतात का बघ. बदल करायचा असेल तर परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी कर.

ठाण्यातल्या एका एजंटने आमच्या लग्नाच्या आणि मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून घ्यायला लावलं आणि चांगले पैसे घेतले. भारताचा अपोस्टिल जर्मनी मानतच नाही. त्यांची पडताळणी वेगळी असते, वकिलातीमार्फत, आणि तिला महिने लागतात. त्या एजंटला हे ठाऊक होतं असं मला अजून वाटतं, आणि त्याचा राग गेलेला नाही. तुला याशिवाय एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, लागेल, ते २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे. शिकायला येणाऱ्याच्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात, कुटुंबाचे त्यावर वेगळे. नवऱ्याला साधारणपणे ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची जर्मन लागते, त्याला आत्ताच वर्गाला घाल.

आता शाळा.

आम्ही जिथे आहोत त्या बव्हेरिया राज्यात चौथीच्या वर्षी मे महिन्यात मुलाच्या हातात एक प्रमाणपत्र देतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. इथे १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे सरळ जाणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधल्या पायरीची शाळा. त्याखाली तिसऱ्या प्रकारची शाळा. मूल दहा वर्षांचं असतं गं तेव्हा.

माझ्या मुलाला गणितात २, जर्मनमध्ये ३, परिसर अभ्यासात ३. सरासरी २.६६. एका विषयात एक पायरी वर असता तर निकाल वेगळा होता. त्याची परिसर अभ्यासाची उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. पाण्याचं चक्र त्याला मला समजावून सांगता आलं, मराठीत, न अडखळता. पेपरात दोन ओळींत जर्मनमध्ये मांडता आलं नाही.

आणि यातली जी गोष्ट मला अजून रात्री जागं ठेवते ती ही. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांचं कमी पडणं भाषेमुळे असेल आणि ते भरून निघण्यासारखं असेल, तर त्यांना ३.३३ पर्यंतही गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येतं. माझा मुलगा पहिलीपासून इथे होता. आम्ही धावपळ करून, सगळे कागद वेळेत उरकून त्याला बरोबर पहिलीच्या पहिल्या दिवशी वर्गात बसवलं. म्हणून ही सवलत त्याला नाही. तुझी लेक आत्ता पहिलीत आहे, म्हणजे ती इथे दुसरीत किंवा तिसरीत येईल, तिला ती मिळू शकते. तुझा प्रश्न वाचताना हे पहिल्यांदा मनात आलं आणि मला तुझा हेवा वाटला. खरं ते लिहिते.

त्याच्या बाईंनी पहिल्याच पालकभेटीत घरी मुलाशी जर्मन बोला असं सुचवलं होतं. मी मुलाशी मराठीच बोलले आणि बोलणार. त्याला आजीशी बोलता आलं पाहिजे. पण ही निवड करताना तिची किंमत कुठल्या कागदावर, कुठल्या महिन्यात दिसणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला परीक्षेला महिनोन्‌महिने तयारी मिळाली, फुकट सराव परीक्षा मिळाल्या, नियम आधी छापून मिळाले. आता तर प्रत्येक भागाच्या शेवटी तीन उत्तरं बदलायची मुभाही देतात. मुलाची परीक्षा पहिलीपासून चालू होती आणि ती चालू आहे हे आम्हा दोघांना तिसरी संपेपर्यंत समजलं नाही. तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसून पुन्हा संधी घेता येते. त्याने नको म्हटलं. मी जोर केला नाही. सगळे सांगतात की रेआलशूलमधून पुढे विद्यापीठाची वाट आहेच, आणि ती आहे, मी स्वतः तपासली. तो तिथे आनंदातही आहे. मला मात्र अजून ते प्रमाणपत्र फाइलीत लावता आलेलं नाही.

म्हणून तुला सांगते, एमबीएची शाळा निवडताना क्रमवारीच्या आधी राज्य बघ. हे कुठलाही सल्लागार सांगणार नाही, कारण त्याला तुझी लेक दिसत नाही. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे मुलांना दोन वर्षं जास्त मिळतात. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक नाही, शेवटचा शब्द तुमचा. बव्हेरियात नोकऱ्या चांगल्या आहेत, पण नियम वर सांगितला तो आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी घेतलेला पत्ता पुढची दहा वर्षं राहतो, कारण नोकरीही जवळपासच मिळते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त, मग कामाच्या रगाड्यात कमी होतो. मराठी मंडळं आहेत, गणपती होतो, त्याने निभतं. माझ्यापेक्षा मला आईचा एकटेपणा जास्त लागतो. मला इथे पाठवण्यासाठी जी बाई जिन्यात राखण करत बसली, ती आता त्याच घरात एकटी आहे, आणि इकडे यायला तयार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तू मागूही नकोस.

नवऱ्याशी बोलून राज्य ठरव, मग शाळांची यादी कर, मग तारीख घे. बव्हेरियातच यायचं ठरलं, तर लेकीच्या शाळेच्या पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचार: नव्याने आलेल्या मुलांसाठी जर्मनचा वेगळा वर्ग आहे का, आणि ३.३३ ची तरतूद तिला लागू होईल का. दुसऱ्याचं उत्तर लेखी माग. तोंडी सांगितलेलं चौथीत कुणाला आठवत नाही.